इंजिन बसलंय, दादा

दादा रे,

पत्र लिहायची ही काय वेळ, असं म्हणशील. आणि जागा तर त्याहून नामी! दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसलेय. आत ह्यांना मशीनवर घेतलंय, दुपार कलेपर्यंत काही सोडत नाहीत. संध्याकाळच्या आत बिडकीनच्या गुरुजींना फोन करून सांगायचंय, त्यांची जुनी व्हॅन घेते का नाही घेत. एवढ्या एका शब्दासाठी सकाळपासून फोन हातात घेते आणि परत पिशवीत टाकते. गाडीचं काही असलं की आपल्या घरात एकालाच विचारायचं, तुला. तू नाहीस म्हणून आता विचारायचंच नाही का मी?

तुला जाऊन दुसरं वर्ष लागलं. खुर्चीत बसल्या बसल्या गेलास, चहा अर्धा राहिलेला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाची सेवा घेतली नाही. मी म्हणाले, कसला पुण्यवान, लबाड! आम्हाला भर रस्त्यात उतरवून पुढं निघून गेला. मला तुझा लई राग आला होता दादा. अजून येतो.

तू होतास तोवर ह्यांच्या डायलिसिसची मला धास्ती नव्हती. आठवड्यातून तीनदा तुझी काळी-पिवळी जीप दारात उभी राहायची. मागं पॅसेंजर कितीही कोंबलेले असोत, पुढची सीट ह्यांची. कुणी कुरकुरलं की म्हणायचास, "दाजी बसल्याबिगर गाडी हलत नसती. घाई असंल तर उतरा अन् दुसरी बघा." करमाडहून शहरात येईस्तोवर तुम्हा दोघांच्या गप्पा. सुया टोचून घ्यायला चाललेला माणूस हसत जायचा!

तू गेल्यावर तुझ्या पोरानं जीप विकली. त्याची नोकरी पुण्यात, तो तरी काय करणार? मग आम्ही रस्त्यावर उभं राहून हात दाखवायला लागलो. कधी जीप थांबते, कधी थांबत नाही. परतताना ह्यांच्यात त्राण नसतं, सीटवर आडवं व्हावं लागतं. एकदा गाडीतच ओकले. तेव्हापासून काही ड्रायव्हर आम्हाला लांबून बघितलं की गाडी दामटतात. त्यांनाही बाकीचे पॅसेंजर सांभाळायचे असतात, मला कळतं ते. पण उन्हात उभं राहून जीप पुढं निघून जाताना बघितली की तुझी पुढची सीट आठवते.

आणि मग तो बंदचा दिवस. सगळ्या गाड्या बंद, रस्त्यावर टायर जळत होते. ह्यांची डायलिसिसची एक पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या छातीत पाणी झालं. उशा रचून बसवलं तरी श्वास पुरेना. डोळे मोठे झाले होते आणि माझ्याकडं बघत नुसतं म्हणत होते, "सुमे, हवा दे. हवा दे." मी सगळी दारं उघडली, खिडक्या उघडल्या, पदरानं वारा घातला. घरात हवाच हवा होती रे, ती आत जात नव्हती! कुणाच्या तरी गाडीत घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, आता शहरात जवळच खोली करून राहा. हे मान फिरवून बसले. खोलीचं नाव काढलं की अजून बोलत नाहीत.

म्हणून मी गाडी शिकले. हसू नको! तू गावातल्या येईल त्या पोराला जीप शिकवलीस, आणि मी नुसतं दार उघडून आत बसले तरी ओरडायचास, "बाईनं स्टेअरिंगला हात लावला की गाडी रुसती." कुठल्या गाडीनं सांगितलं होतं तुला हे? तेव्हा शिकवलं असतंस तर ह्या वयात क्लासच्या पोरट्यासमोर घाम पुसत बसायची वेळ आली नसती. जाऊबाई म्हणाल्या, "आता सुमनबाई इमान बी चालवत्याल." चालवते म्हणावं. लायसन मिळालं मला, पहिल्याच खेपेला.

मग गाडी शोधायला लागले. बिडकीनला एका रिटायर गुरुजींची पांढरी व्हॅन निघाली. आतून अगदी स्वच्छ. मागची सीट लांब, ह्यांना पाय पसरून झोपता येईल अशी. ती सीट बघितली आणि दादा, मी तिथंच अर्धी विरघळले. गुरुजी गोड बोलणारे. म्हणाले, "ताई, देवघरासारखी ठेवलीय. इंजिनाचं काम नुकतंच करून घेतलंय. नवीन सामान आहे, बसायला जरा वेळ लागतो. एकदा बसलं की मग बघायला नको."

मी काही अगदी खुळी नाही. म्हणाले, आधी आमच्या मिस्त्रीला दाखवा. तुझे सलीमभाई, चिकलठाण्याचे, ज्यांच्या हाताशिवाय तू जीपला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाहीस. गुरुजी गाडी घेऊन त्यांच्याकडं गेले आणि सलीमभाईंनी मला फोन लावला. मागं ठोकाठोक चाललेली, नीट ऐकू येत नव्हतं. म्हणाले, "बहन, मैं देखा गाडी. बॉडी अच्छी है. इंजिन बैठेला है."

मी विचारलं, "बैठेला है ना? पक्कं?"

"हौ, पक्का बैठेला है. बाकी तुम देखो."

मला इतका आनंद झाला! गुरुजींनी सांगितलं होतं बसायला वेळ लागतो, आणि आता तुझ्या सलीमभाईंनीच सांगितलं, बसलं. मी ह्यांना सांगितलं, जाऊबाईंना सांगितलं, "इंजिन एकदम नीट बसलंय." गुरुजींना इसाराचे पैसे देऊन आले, वर पेढे दिले. गुरुजी म्हणाले, गाडी घेऊन जा, एकदोन दिवस चालवून बघा, मग कागद करू. मी लिंबू-नारळ करून गाडी दारात लावली. हे खाटेवरून बघत होते. किती दिवसांनी ह्यांचा चेहरा तसा दिसला मला!

परवा सकाळी ह्यांना घेऊन निघाले. मी स्टेअरिंगवर, हे शेजारी. हे गंमत करायला लागले, "ड्रायव्हर, जरा हळू, पॅसेंजर पेशंट आहे." मी खुशीत. ह्या गाडीचं इंजिन सीटखाली असतं ना, ह्यांनी दोनदा सांगितलं, "सुमे, बुडाला चटका बसतोय." मी म्हटलं, उन्हाचं असेल. शेंद्र्याच्या अलीकडं गाडीनं आचके दिले आणि गप्प झाली.

भर जालना रोडवर, दादा! मागून लोखंडानं भरलेला ट्रेलर. त्याचा हॉर्न माझ्या पाठीतून छातीत आला. माझे हात स्टेअरिंगला चिकटलेले, पाय कुठं ठेवायचा ते आठवेना. शिकलेलं सगळं पुसलं गेलं. मला वाटलं, आता हा मागून येणार आणि आम्ही दोघंही इथंच संपणार. हे शांतपणे म्हणाले, "डावीकडं घे. अजून घरंगळतीय." मी डोळे मिटूनच वळवलं असेल. ट्रेलर खेटून गेला, व्हॅन पानासारखी थरथरली. अजून ट्रकचा हॉर्न वाजला की माझं अंग गार पडतं, आत्ता दवाखान्याच्या बाहेर वाजला तरी.

ह्यांना उतरवून बाभळीखाली बसवलं. बाभळीची सावली ती केवढी! तू एकदा कुणावर तरी खेकसला होतास, गरम गाडीच्या पाण्याच्या झाकणाला हात लावायचा नाही, तोंड भाजंल. तेवढं आठवलं म्हणून थांबले. मग गाडीतला पाण्याचा कॅन काढला आणि पाणी ओतत राहिले. गाडी पीत होती, पीत होती. हे बघत होते. ह्यांना दिवसभरात मोजून पाणी, तुला माहीतच आहे. ओठ पांढरे पडलेले. म्हणाले, "गाडीला कॅनभर पाजतीस, अन् मला घोटभर बी नाय?"

आणि हसले. मला सांग दादा, अशा वेळी माणसानं काय करावं? मी पदर ओला करून ह्यांच्या ओठांना लावला, तोंड फिरवलं आणि रडले.

गाडी गार झाली की चालू व्हायची. दहा पावलं गेली की गरम होऊन पुन्हा मरायची. शेवटी तुझा बाळू आला जीप घेऊन, तुझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं ब्रेक मारला, "आक्का, तुमी? इथं?" पॅसेंजर मागं सरकवून ह्यांना पुढं बसवलं. मलाही चल म्हणाला. पण गुरुजींची गाडी हायवेवर टाकून कशी जाऊ? ह्यांना एकट्याला दवाखान्यात पाठवलं. जीप पुढं गेली, दिसेनाशी झाली, आणि माझ्या मनात आलं, हे असेच जाणार एक दिवस, आणि मी अशीच कुठंतरी रस्त्यात कसल्या तरी भंगारापाशी उभी असणार. असं वाटू नये, पण वाटलं. तेव्हापासून तो विचार डोक्यातून जात नाही.

फोन करून बोलावलं तसे सलीमभाई आले, सीट उचलून बघितलं आणि माझ्यावरच उखडले. "मैं फोनपे बोला था ना, बैठेला है करके! फिर काहेकू ली?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना बसलंय! पक्कं बसलंय म्हणालात!"

त्यांनी कपाळावर हात मारला, सगळं काळं ऑइल कपाळाला. "अरे बहन! बैठेला मतलब गया! खतम! तुम इत्ते बरस दादा की बहन, और इत्ता नहीं मालूम?"

कसं मालूम असणार? तू गाडीजवळ फिरकू दिलंस का कधी? मला वाटलं, साडीची घडी बसते, धंद्याचा जम बसतो, नवी सून घरात रुळून बसते. आपल्यात बसलं ते चांगलंच की! मग घरी आल्यावर आठवलं, गळाही बसतो, भिंतही बसते. हे सगळं मला त्या फोनवर का नाही आठवलं? मला चांगलंच ऐकायचं होतं, म्हणून चांगलं ऐकू आलं. आणि त्या ऐकण्यापायी ह्यांना ट्रेलरच्या पुढं नेऊन उभं केलं.

सलीमभाईंनी दोर बांधून गाडी गॅरेजला नेली. म्हणाले, इंजिन खोलून बनवून देतो. मी विचारलं, मग परत बंद नाही ना पडणार? ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "बना देता मैं. मगर अंदर चीर रही तो फिर गरम होईंगी. गाव में घुमाओ, चलती. रोज करमाड से शहर, धूप में, बीमार आदमी लेके? मेरी जुबान मत लेव बहन." तुझ्या जिवाचा माणूस, खोटं कसं बोलेल? पण त्या दिवशी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

गुरुजींना फोन केला तर म्हणे, "दुरुस्तीचं निम्मं मी बघतो ताई, पण दुसरं गिऱ्हाईक थांबवलंय, आणि तुम्ही इसार दिलाय, शब्द दिलाय. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांगा." आपल्याकडं शब्दाचं काय असतं, तुला सांगायला नको. ती उद्याची संध्याकाळ म्हणजे आजची.

मला वाटलं होतं, हे तरी म्हणतील, नको ती गाडी. आज सकाळी मी नेहमीसारखी उठले आणि आधी ह्यांच्या हाताला कान लावला. डायलिसिससाठी हातातली शीर जोडलीय ना, तिथं कान लावला की आतून घर्र घर्र ऐकू येतं. ऐकू आलं की शीर चालू, मग मी चहा टाकते. कान लावलेला असतानाच हे म्हणाले, "घे ती गाडी."

"डोकं फिरलंय का तुमचं? परवा काय झालं ते विसरलात?"

"सलीम बनवून देतो म्हणला ना?"

"बनवून देतो म्हणाले. राहील असं नाय म्हणाले."

"माझं बी कुठं राहणारंय? दोघं एकाच मापाचे. कोण आधी बसतंय बघू."

असला राग आला! मी म्हणाले, सकाळी सकाळी अभद्र बोललात तर चहा मिळणार नाही. नेहमी ह्यावर हसतात. आज हसले नाहीत. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "सुमे, तू गाडी नाय घेतली की खोली करशील. मला कळतं. मला त्या खोलीत नाय मरायचं. संध्याकाळी घरी येऊन चिंचंखाली खाटंवर पडायला मिळतं, म्हैस वळून बघती, म्हणून मी त्या सुया टोचून घेतो. न्हाई तर कशापायी?"

दादा, बंदच्या दिवसापासून मी नुसती एकाच गोष्टीला भीत होते, पाळी चुकायला. परवापासून रस्त्याला भ्यायला लागले. आणि आज सकाळी कळलं, हे तिसऱ्याच गोष्टीला भितात, आणि ती गोष्ट माझ्या हातात आहे. गाडी घ्यावी तर रस्त्यात काय होईल? नाही घ्यावी तर हा माणूस परक्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडेल. दोन्हीकडून मीच गुन्हेगार. मघापासून इथं बसते, उठते, परत बसते. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" काय सांगू तिला, गाडी घ्यायचीय म्हणून?

तू असतास तर काय केलं असतंस? कुणासाठी जुनी गाडी बघायला गेलास की चालू करून कान द्यायचास, बंद करून परत चालू करायचास, आणि मग विचारायचास, "हिच्यात न्यायचं काय?" घेणारा म्हणाला कांदे, तर म्हणायचास, घे. माणसं म्हणाला की मान हलवायचास. पुढं काही बोलायचं नाही, सरळ चपला घालायच्या. विकणारे चिडायचे तुझ्यावर. आमचं गिऱ्हाईक मोडतो म्हणायचे.

माणूस न्यायचाय रे दादा. माझा एकच माणूस आहे.

हे इथवर लिहिलं, उठले आणि गुरुजींना फोन लावला. म्हणाले, "गुरुजी, गाडी नको." ते बोलले बरंच. शब्दाला किंमत आहे का नाही, बायामाणसांशी व्यवहारच करू नये. आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बाईंना त्या व्हॅनमध्ये बसवून तुम्ही उन्हात जालन्याला निघाल का? व्हय म्हणा, आत्ता घेते." ते नुसतं म्हणाले, असो. इसार गेला. जाऊ दे.

वाटलं होतं, फोन ठेवला की भीती जाईल. कसली जाते! वाढली. आता ह्यांना सांगायचंय. शहरात मुकुंदवाडीकडं एक खोली बघून ठेवलीय बाळूनं, ह्यांना अजून बोलले नाही. पाळीच्या दिवसांपुरतं तिथं राहायचं, शनिवारी पाळी झाली की बाळू घरी सोडील आणि सोमवारी सकाळी घेऊन येईल. म्हैस जाऊबाई बघतील, तोंड वाकडं करून का होईना. हे काय म्हणतील? भांडले तर बरं. भांडणारा माणूस जगतो. मान फिरवून गप्प पडले तर मी काय करू, ते मला ठाऊक नाही.

आतून सिस्टर हाक मारतायत, "करमाडचे नातेवाईक कोण?" मी आहे. जाते.

जायच्या आधी तुला शब्द देते, आणि हा मोडणार नाही. ह्यांचा जीव मी रस्त्यात जाऊ देणार नाही आणि खोलीतही जाऊ देणार नाही. ज्या दिवशी डॉक्टर म्हणतील की आता सुया पुरे, त्या दिवशी धडधाकट गाडी भाड्यानं आणीन आणि ह्यांना करमाडला नेऊन चिंचेखाली खाटेवर टेकवीन. ड्रायव्हर घेणार नाही. मीच चालवीन. मागून ट्रेलर येऊ देत, हॉर्न वाजू देत, हात कापू देत. भीत भीत चालवीन, दादा, पण घरी पोचवीन.

तुझी,
सुमी